एकशे चौदा वस्तू आणि एक खड्डा

फिनलंडला निघण्याआधी मी जी यादी केली होती, तिच्यात एकशे चौदा वस्तू होत्या. ती यादी अजून माझ्याकडे आहे. तिच्यात चूक अशी एकही सापडणार नाही. जे लिहिलं होतं ते सगळं बरोबर गेलं आणि एक अडकित्ता आणि खाऊन संपलेला मसाला सोडला तर सगळं बरोबर परत आलं. तरीही आमची त्या देशात जी फजिती झाली ती या यादीपायीच झाली. ज्यांना तिकडे जाण्याचा योग यायचा आहे त्यांनी माझ्यापासून धडा घ्यावा, म्हणून हे लिहीत आहे.

फिनलंड कुठे आहे हे मलाही, आम्ही येतो असं कळवून झाल्यावर, नकाशात शोधावं लागलं. युरोपच्या अगदी वरच्या टोकाला, रशियाला लागून हा देश आहे. नकाशात तो चाळणीसारखा दिसतो, इतकी त्यात तळी आहेत. आमच्या महाल वस्तीतल्या शेजारणींना मी तीनदा समजावून सांगितलं, पण शेवटी सगळ्यांनी मी लंडनलाच चालले असं ठरवून मला निरोप दिला.

मी नागपुरात स्त्रियांचा शिवण-विणकामाचा वर्ग चालवते आणि विणकरांच्या एका लहानशा सहकारी सोसायटीची चिटणीस आहे. फिनलंडमधल्या बायकांच्या एका हस्तकला मंडळाने देशोदेशीच्या मागांचं प्रदर्शन भरवलं होतं. नुसतं कापड पाठवू नका, माणूस, माग आणि काम तिन्ही दिसलं पाहिजे, असं त्यांचं पत्र होतं. सोसायटीने उमरेडच्या सीतारामजींना निवडलं. वय छप्पन्न, आणि करवतकाठी लुगड्याचा काठ विणण्यात त्यांचा हात धरणारा आमच्याकडे दुसरा नाही. काठावर करवतीच्या दात्यांसारखी टोकं ओळीने येतात, ते हे काम. कांड्यांवर सूत भरायला आणि तुटलेले धागे सांधायला त्यांच्या पत्नी गंगाबाई बरोबर हव्याच होत्या. कारण सीतारामजी विणतात ते अर्धं काम, उरलेलं अर्धं गंगाबाई करतात आणि त्यावर बोलतातही त्याच.

निघायच्या आठवड्यात मी यादीवर सह्या घ्यायला एस.टी.ने उमरेडला गेले, तेव्हा घरात वाद चालला होता. त्यांचा मुलगा वसंता सायकली दुरुस्त करतो. बाजारात भाड्याने घेतलेली टपरी त्याला सोडावी लागणार होती, आणि घरात पुढची खोली एकच. त्या खोलीत माग. आमच्याकडचा माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर असतो. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खाली पावड्या दाबून वरचे धागे उघडतो, मिटतो.

"तुमी दोन महिने जाऊन राहिले," वसंता बापाला म्हणत होता, "तं मी खड्डा बुजवून टाकतो. दुकान घरीच होईल."

"माह्या बापानं खणला तो," सीतारामजी म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो. आता पाहाते कोण त्याले?"

बराच वेळ हेच चाललं. शेवटी वसंतानेच तोड काढली. तिकडच्या लोकांनी बापाला मागावर विणताना उभं राहून पाहिलं, असा फोटो आणला तर तो खड्ड्याला हात लावणार नाही. नाही आणला, तर पोळ्याच्या आधी माती पडेल. गंगाबाई म्हणाल्या, "फोटोच पायजे न गा तुले? आणून देऊ." मी माझ्या वहीत 'आणायच्या वस्तू' असं नवं पान उघडलं आणि त्यावर पहिला आकडा घालून लिहिलं: फोटो.

घरी यजमानांसाठी बावीस कलमांची वेगळी यादी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवली आणि आम्ही निघालो. बोटीचा प्रवास मी गाळते. तिघांपैकी दोघांना बोट लागली आणि तिसरीला, म्हणजे मला, त्या दोघांचं करावं लागलं, एवढं पुरे.

हेलसिंकी

हे शहर अतिशय स्वच्छ आणि अतिशय गप्प आहे. ट्राममध्ये चाळीस माणसं आणि आवाज फक्त ट्रामचा. आमच्या उमरेडच्या मोटारीत कुही फाटा यायच्या आत शेजारच्याचं गाव, जात, मुलींची लग्नं आणि पोटाचं दुखणं कळलेलं असतं. इथे शेजारी बसलेला माणूस आपल्याकडे पाहतच नाही, आणि हा अपमान नसून सभ्यपणा आहे हे कळायला मला चार दिवस लागले. सीतारामजींना शेवटपर्यंत पटलं नाही. माणसाने माणसाला 'कोण गावचे?' एवढंही विचारू नये, याचा त्यांना मनापासून खेद वाटे.

प्रदर्शनाचा हॉल एका मोठ्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. आम्हाला दुभाषी म्हणून आईनो नावाची एक शाळामास्तरीण दिली होती. तिला चांगलं इंग्रजी येई. तिच्यासमोर मी दोन्ही खोकी उघडली आणि यादी हातात घेऊन एकेक वस्तू बाहेर काढली. फणी. पावड्या चार. आडवा धागा नेणारे धोटे सहा. कापड गुंडाळायचा दांडा. गुंडाळलेला ताणा, म्हणजे उभे धागे. रहाट. खुंट्या, दोऱ्या, खळीची पिशवी. प्रत्येक वस्तूपुढे खूण करत गेले. एकशे चौदाव्या वस्तूपुढे खूण झाल्यावर मी वही मिटली. त्या क्षणी मला जे समाधान वाटलं तसं त्या प्रवासात पुन्हा वाटलं नाही.

सीतारामजी हातात धोटा घेऊन हॉलच्या मधोमध उभे होते. मेण लावून चकचकीत केलेल्या लाकडी जमिनीकडे ते पाहत होते. मग अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "बाई, खड्डा कुठी हाय?"

मी सवयीने वही उघडली. खड्डा यादीत नव्हता.

याला दोष कुणाला द्यावा? उमरेडमध्ये विणकराला 'तुमच्याकडे खड्डा आहे का' असं विचारणं म्हणजे घराला जमीन आहे का असं विचारणं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मंडळाच्या पत्रात 'मागाला जागा किती लागेल' असा प्रश्न होता. मी लांबी आणि रुंदी इंचात लिहून पाठवली होती. खोली त्यांनी विचारली नव्हती.

प्रदर्शनाचे व्यवस्थापक एक उंच, अतिशय अदबशीर गृहस्थ होते. ते तासाला एक वाक्य बोलत. आईनोमार्फत मी त्यांना विचारलं की जमिनीला दीड हात लांब आणि तेवढंच रुंद भोक पाडता येईल का. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले की खालच्या मजल्यावर दंतवैद्याचा दवाखाना आहे. मी गंगाबाईंना सांगितलं. त्यांनी डोळ्यांसमोर चित्र आणलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "खुर्चीवर आ करून बसलेल्या माणसाच्या डोक्यावर ह्यांचे पाय हालतीन," आणि पदर तोंडावर धरून पुढचा पाव तास हसत राहिल्या.

मी हार मानणारी नाही. जमीन खाली नेता येत नसेल तर माणूस वर न्यायचा. मंडळाकडून सुतार मागवला, कमरेइतका उंच लाकडी ओटा करून घेतला, मधे चौकोन मोकळा ठेवला आणि सीतारामजींना वर बसवलं. ओटा दिसायला सुरेख झाला. पण त्यावर सीतारामजी असे दिसत की आत्ता कोणी अंतरपाट धरील आणि भटजी मंगलाष्टकं सुरू करतील. त्याचंही काही नव्हतं. खरी अडचण वेगळीच निघाली. हॉलमध्ये कोणीही चाललं की ओटा थरथरे. शिवाय लाकडाच्या त्या कोरड्या हॉलमध्ये सुती धागा तटातट तुटू लागला. मातीच्या खड्ड्यात ओल असते, ती धाग्याला खालून मिळत राहते, म्हणून तो टिकतो. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी शिकवते. शिकवलेलं वेळेवर आठवावं असा मात्र नियम नाही.

तीन दिवसांत वीतभर कापड झालं. गंगाबाई सांधत होत्या आणि सांधता सांधता ओट्याला, सुताराला आणि फिनलंडला नावं ठेवत होत्या. शेजारी स्वीडनच्या बाई उभ्या मागावर खुर्चीत बसून भराभर विणत होत्या, त्यांच्यापुढे गर्दी असे. आमच्यापुढे येणारे लोक तुटलेले धागे पाहून हळहळत आणि अदबीने पुढे सरकत.

चौथ्या दिवशी एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. मी लगेच गर्दी जमवायला निघाले. स्वीडनच्या बाईंसकट सात माणसं ओट्याभोवती उभी केली. सीतारामजींना म्हटलं, धोटा हातात धरा, पावडीवर पाय ठेवा, एक क्षणाचं काम आहे. ते ओट्यावरून खाली उतरले आणि बाजूला उभे राहिले.

"बसा न जी घडीभर," गंगाबाई म्हणाल्या. "पोराले काय समजते?"

"त्याले नाही समजत," सीतारामजी म्हणाले. "मले समजते. माग चालून नाही राहिला अन् मी तो चालल्याचा फोटो काढू?"

फोटोग्राफरने माझा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी छापून आला. त्यात मी हातात वही घेऊन ओट्याला दोष देताना दिसते. 'आणायच्या वस्तू'मधलं पहिलं कलम तसंच रिकामं राहिलं. प्रदर्शन संपलं आणि बोटीला नऊ दिवस उरले.

तळ्याकाठी

जूनच्या शेवटी त्या देशात एक मोठा सण असतो. त्या वेळी सूर्य मावळतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि सगळं शहर ओस पडून माणसं खेड्यातल्या घरी जातात. आमच्याकडे अक्षय तृतीयेला मुली माहेरी येतात तसंच हे, फरक इतकाच की इथे माहेरी सगळेच जातात. आईनोची आत्या हिल्मा एका तळ्याकाठी शेती करून एकटी राहते. तिथे आम्हाला नेते, असं आईनोने सांगितलं. मी तिला लगेच विचारलं, "तिथे माती मऊ आहे का?" तिने खांदे उडवले. मी दोन्ही खोकी बरोबर घेतली.

मोटारीत सीतारामजी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशेजारी बसले आणि तासभर नागपुरीत बोलत राहिले. पाऊस, पीक, वसंता, सायकलीचं दुकान, सगळं. शेतकऱ्याने एकदाही तोंड उघडलं नाही. उतरताना मात्र त्याने सीतारामजींचा हात दोन्ही हातांत घेऊन जोरात हलवला. "भला माणूस हाय," सीतारामजी म्हणाले. "आयकते तरी."

हिल्माबाई साठीच्या पुढच्या. उंच, हाडापेराने मजबूत, डोक्याला रुमाल बांधलेला. आम्हाला पाहून त्यांनी एक शब्द उच्चारला आणि कॉफी ठेवली. नंतर कळलं की त्या देशात दिवसाला पाच-सहा वेळा कॉफी होते आणि बोलणं त्याहून कमी. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतापाशी एका काठीवर मधे भोक पाडलेल्या काळ्या भाकरी ओळीने लटकवलेल्या होत्या. वर्षातून थोड्याच वेळा भाजतात आणि मग लटकवून ठेवतात. गंगाबाईंनी एक दाताखाली घेऊन पाहिली आणि मला म्हणाल्या की ही भाकर नाही, हे फणीचं लाकूड आहे. दह्याचा एक प्रकार मिळतो, तो चमच्याने उचलला की तारेसारखा लांब होतो आणि ओठांपासून वाटीपर्यंत लोंबत राहतो. सीतारामजींनी तो कौतुकाने पाहिला. हा पिळून वाळवला तर ताणा होईल, असं त्यांचं मत पडलं.

पहिल्याच दिवशी आम्हाला त्यांच्या बाष्पस्नानाला नेलं. तळ्याकाठी लाकडाची एक काळपट खोली असते, आत दगड तापवतात आणि त्यावर पाणी मारून वाफ करतात. बायकांनी बायकांबरोबर बसायचं. हिल्माबाई अंगावर सूत न ठेवता बसल्या. गंगाबाई नऊवारीसकट बसल्या. मी मधला मार्ग काढला, त्याचं वर्णन करत नाही. दगडांवर पाणी पडलं, फस्स झालं, आणि गंगाबाईंनी शांतपणे इकडेतिकडे पाहिलं. आम्ही उन्हाळ्यात खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या टट्ट्यांवर पाणी मारतो ते गारव्यासाठी. ही माणसं दगडावर पाणी मारून उकाडा करतात आणि त्याला सुख म्हणतात. हिल्माबाई पुन्हा पुन्हा पाणी मारत होत्या आणि आमच्याकडे पाहत होत्या. पाहुण्या कधी पळतात, हे त्या पाहत असाव्यात. मे महिन्यात नागपूरला पत्र्याखाली राहिलेल्या बाईला असं पळवता येत नाही. शेवटी हिल्माबाईच आधी उठल्या, धावत गेल्या आणि तळ्यात उडी मारली. गंगाबाई मला म्हणाल्या, "उमरेडले हे फुकटात भेटते वं बाई, बोटीत बसा नाही लागत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईनोमार्फत हिल्माबाईंनाही माती मऊ आहे का एवढंच विचारलं, त्यांनी मान हलवली आणि आम्ही कुदळ घेतली. धान्य वाळवायच्या जुन्या कोठारात मातीची जमीन होती. सीतारामजींनी आपल्या हाताने माप घेऊन चौकोन आखला. हातभर खोल गेलो आणि कुदळ खणकन वाजली. खाली कातळ. कोठाराच्या दुसऱ्या कोपऱ्यात खणलं. कातळ. गोठ्यामागे खणलं. कातळ, आणि कुदळीचा दांडा गेला. हा सगळा देश म्हणजे एकच अखंड दगड आहे आणि त्यावर हातभर माती पसरून लोक शेती करतात, हे माझ्या भूगोलाच्या पुस्तकात कुणी लिहिलं नव्हतं. दुपारपर्यंत हिल्माबाईंच्या आवारात पाच खड्डे झाले होते, एकही पुरेसा नव्हता, आणि त्यांची गाय त्यातल्या एकाकडे संशयाने पाहत होती.

हिल्माबाई पायरीवर बसून बटाटे सोलत होत्या. त्यांनी सकाळपासून आम्हाला पाहिलं होतं आणि एक अक्षर काढलं नव्हतं. मला लाज वाटू लागली. मी आईनोला म्हटलं, आत्याबाईंची क्षमा माग, आणि आम्ही हे का करतो आहोत ते तरी त्यांना सांग. तेव्हा उलगडा झाला की ते अजून कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं. हिंदुस्थानी लोकांचा सणाच्या वेळचा काही धर्म असेल, म्हणून त्या आदराने गप्प होत्या.

आईनो त्यांना माग, पाय, पावड्या, ओल असं सगळं हातवारे करून सांगत होती. सीतारामजी दमून जमिनीवर बसले होते. हात मातीने भरलेले. ते कुणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाले, "बुजवून टाकू दे पोराले. खड्डाच नशिबात नसन तं कोण काय करते."

हिल्माबाईंनी सुरी ठेवली. त्या उठल्या, आत गेल्या आणि दारातून हाताने आम्हाला बोलावलं. स्वयंपाकघरात चुलीजवळ चिंध्यांची विणलेली सतरंजी होती. ती त्यांनी पायाने बाजूला सारली. खाली जमिनीच्या फळ्यांत एक लोखंडी कडी होती. कडीला धरून त्यांनी झाकण उचललं, आणि खालून ओलसर मातीचा वास वर आला.

खड्डा. चौकोनी, मातीचा, थंडगार. घराचं जोतं उंच असल्यामुळे कातळ आड आला नव्हता. हिवाळ्यात त्यात बटाटे ठेवतात, म्हणजे गोठत नाहीत. जूनमध्ये तो रिकामाच असतो. गावातल्या प्रत्येक जुन्या घरात चुलीजवळ असा एक असतो.

"अगोदर का नाही सांगितलं?" असं मी विचारायला लावलं. हिल्माबाईंचं उत्तर आईनोने सांगितलं: "तुम्ही माती मऊ आहे का एवढंच विचारलंत."

सीतारामजी तोवर खाली उतरले होते. काठावर बसून त्यांनी पाय सोडले. वीतभर जास्त खोल होता. गंगाबाईंनी आमच्याच पाच खड्ड्यांतून निघालेले सपाट दगड आणून तळाला रचले. मग सीतारामजींनी पाय टेकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी हेलसिंकीत एकदाही पाहिलं नव्हतं. दांडे बसवायला हिल्माबाईंच्या ओंडक्याच्या भिंती होत्या. त्यांनी स्वतः खिळे ठोकले. ताणा दाराबाहेर पडवीपर्यंत ताणला. संध्याकाळी कॉफीच्या चौथ्या फेरीला पहिला धोटा फिरला आणि एकही धागा तुटला नाही.

पुढचे तीन दिवस ते घर उमरेडचं झालं. धोट्याचा आवाज तळ्यापलीकडे जात असावा, कारण होड्यांतून माणसं येऊ लागली. येत, टोपी काढत, कॉफी घेत आणि खड्ड्याभोवती उभी राहून पाहत. कोणी काही बोलत नसे. सीतारामजी मान खाली घालून विणत आणि मधूनमधून सगळ्यांना वसंताबद्दल सांगत. मोटारीतला तो शेतकरीही आला. तो दोन तास उभा होता.

हिल्माबाई स्वतः विणणाऱ्या. त्या शेजारी बसत आणि फक्त काठाकडे पाहत. तिसऱ्या दिवशी करवतीचे दाते ओळीने दिसू लागले तेव्हा त्यांनी सीतारामजींच्या खांद्यावर बोट ठेवलं आणि खिडकीबाहेर दाखवलं. तळ्यापलीकडे टोकदार शेंड्यांची काळपट हिरवी झाडं ओळीने उभी होती, आणि त्यांची पाण्यात पडलेली छाया उलटी. सीतारामजींनी काठाकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "हेच ते." हिल्माबाईंनी मान हलवली. आईनो त्या वेळी गाय बांधायला गेली होती. तिची गरज पडली नाही.

गंगाबाईंनी उपकाराची फेड आपल्या पद्धतीने केली. यादीत सत्तेचाळीसाव्या क्रमांकावर सावजी मसाला होता. मी तो कमी न्या म्हणून भांडले होते. त्यांनी तळ्यातले बोटभर मासे घेऊन असा रस्सा केला की वाफेनेच आईनो अंगणात गेली. हिल्माबाईंनी पहिला घास घेतला. तोंड लाल झालं, डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहू लागलं. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि वाटी पुन्हा पुढे केली. "आता कसं," गंगाबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "ह्याले म्हणते वाफ."

फोटो आईनोने काढला. त्यात पुढे सीतारामजी आहेत, हात धोट्यावर, नजर कापडावर. ते कमरेपर्यंतच दिसतात, उरलेले जमिनीत. भोवती अकरा माणसं वाकून पाहत आहेत, कडेला हिल्माबाई आहेत आणि दारातून गाईने तोंड घातलेलं आहे. मी त्यात नाही. मी गाईला बाहेर काढत होते.

निघताना मी हिल्माबाईंना अडकित्ता दिला. त्यांना तो फार आवडला होता. आवारातले पाचही खड्डे आम्ही आमच्या हातांनी बुजवले. खड्डा बुजवणाऱ्या सीतारामजींना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते हसत होते.

उमरेड

पोळा आठ दिवसांवर होता. आम्ही मोटारीतून उतरून घरी गेलो तेव्हा दाराशी मातीचा ढीग होता. सीतारामजी ढिगापाशी थांबले आणि आत जाईनात. मग मीच आत गेले. खड्डा तसाच होता. वसंताने माती आणली होती, टाकली नव्हती. खड्ड्यावर दोन फळ्या आडव्या टाकून सायकल उभी केली होती, आणि ती एका बाजूला कलली होती.

गंगाबाईंनी फोटो त्याच्या हातात दिला. तो दाराशी उजेडात गेला. बराच वेळ पाहत होता. आम्ही तिघंही उभे.

"अर्धाच बाप आला," तो म्हणाला.

"बाकीचा खड्ड्यात हाय," गंगाबाई म्हणाल्या. "तोच तं पाहाले आले ते लोकं."

त्याने पुन्हा फोटो डोळ्यांजवळ नेला. बापाकडे नाही, अकरा माणसांकडे नाही, गाईकडेही नाही. फोटोच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका चौकोनी फळीकडे तो पाहत होता.

"हे काय हाय?"

मी त्याला सांगितलं. झाकण. कडी धरून उचललं की खड्डा, ठेवलं की जमीन. वर सतरंजी टाकली तर कुणाला कळतही नाही. वसंताने माझ्याकडे लांबी, रुंदी आणि फळीची जाडी विचारली. तिन्ही माझ्या वहीत होती.

ज्या खोक्यांतून माग फिनलंडला जाऊन आला त्यांच्याच फळ्या त्याने वापरल्या. झाकणावर काळ्या शाईने छापलेलं 'हेलसिंकी' अजून दिसतं, उलटं. ढिगातल्या मातीने गंगाबाईंनी ओसरी सारवली. सकाळी वसंता त्या झाकणावर बसून पंक्चर काढतो. मी गेल्या आठवड्यात सोसायटीच्या हप्त्याचे कागद घेऊन गेले होते. तेव्हा तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता, आणि सीतारामजी धोटा हातात घेऊन त्याच्या मागे उभे होते.

"उठ गा," ते म्हणाले. "माहं दुकान तुह्या खाली हाय."